कासव परत आलं: व्हर्च्युअलबॉक्समधलं एक्सपी पुन्हा पुन्हा का रखडतं

लक्षण ओळखीचं आहे. काल संध्याकाळपर्यंत व्हर्च्युअलबॉक्समधलं (म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) विंडोज एक्सपी अर्ध्या मिनिटात उघडत होतं. आज सकाळी दुकान उघडलं, तर लोगोखालची पट्टी दोन घरं सरकते आणि अडते. चहा येऊन गार झाला तरी डेस्कटॉप दिसत नाही. मग कुणीतरी जाणकार येतो, दोन सेटिंगं बदलतो, मशीन पळायला लागतं. महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच.

सांगलीत हे दुखणं मुख्यतः दोन ठिकाणी भेटतं. एक म्हणजे लग्नपत्रिका आणि हँडबिलं करणारी डीटीपीची दुकानं. पेजमेकर ७ आणि युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट यांत वर्षानुवर्षांच्या फायली अडकलेल्या असतात, त्या नव्या विंडोजवर धड उघडत नाहीत. दुसरं ठिकाण मार्केट यार्ड. हळद-बेदाण्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या), अडत, हमाली, तोलाई यांचा हिशेब करणारं जुनं सॉफ्टवेअर, ते बनवणारा आता फोनही उचलत नाही, आणि कॉम्प्युटर मात्र नवा घ्यावा लागलेला. म्हणून बाहेर विंडोज ११ आणि आत एक्सपी. पुढे 'बाहेरचं' आणि 'आतलं' याच अर्थानं म्हटलं आहे.

औषध टिकत नाही, कारण दर वेळी आजार तोच असतो असं नाही. निदान न करता मागच्या वेळचीच गोळी दिली जाते. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी आतलं मशीन चालू करून त्याच्या खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बघा. तिथे छोट्या चित्रांची रांग असते. त्यात प्रोसेसरच्या चित्रावर 'व्ही' अक्षर दिसत असेल, तर प्रोसेसरची मदत व्यवस्थित मिळते आहे आणि आजार दुसरीकडे आहे. त्याच जागी हिरवं कासव दिसत असेल, तर या लेखाचा पुढचा मोठा भाग तुमच्यासाठी. आणि मशीन मुळात चालूच होत नसेल, 'व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस' अशा धर्तीचा निरोप येत असेल, तर कासवाचा संबंध नाही. थेट खालचा सेलचा (मदरबोर्डवरच्या बॅटरीचा) भाग वाचा.

कासव म्हणजे काय

आतलं मशीन वेगानं चालावं म्हणून प्रोसेसरमध्ये खास सोय असते. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एएमडी-व्ही. व्हर्च्युअलबॉक्सला ही सोय थेट हातात हवी असते. ६.१ आवृत्तीपासून तर तिच्याशिवाय चालण्याचा जुना मार्गच काढून टाकला आहे. अडचण अशी, की विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही (व्हर्च्युअलबॉक्ससारखंच काम करणारी विंडोजमधली सोय) चालू झालं की ते सगळ्यांच्या खाली जाऊन बसतं आणि ही सोय स्वतःकडे ठेवतं. मग व्हर्च्युअलबॉक्सला हायपर-व्हीच्या मार्फत काम करून घ्यावं लागतं. काम होतं, पण प्रत्येक छोट्या गोष्टीला मध्यस्थ. अडत्याशिवाय माल हलत नाही तसं.

खात्री करायची असेल तर लॉग उघडा: व्हर्च्युअलबॉक्सच्या मुख्य खिडकीत मशीनवर राइट-क्लिक, मग 'शो लॉग'. त्यात 'एनईएम' ही अक्षरं शोधा. 'स्नेल एक्झिक्युशन मोड इज अ‍ॅक्टिव्ह' असं वाक्य सापडलं की निदान पक्कं. खिडकीत कासव आणि लॉगमध्ये गोगलगाय, हा बनवणाऱ्यांचाच विनोद आहे; आपल्याला पट्टी काढायची घाई असते तेव्हा तो कळत नाही.

आता हायपर-व्ही चालू केलं कुणी? बहुतेक दुकानदार म्हणतात, 'आम्ही काहीच केलं नाही', आणि ते खरंच असतं. नेहमीचे गुन्हेगार असे:

पहिला, 'मेमरी इंटिग्रिटी'. विंडोज सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, तिथलं हे बटण. बाहेरच्या विंडोजला घुसखोर ड्रायव्हरपासून वाचवायला ते चांगलं आहे, पण त्याला हायपर-व्हीचाच पाया लागतो. विंडोज ११ नव्यानं टाकलं तर बऱ्याच कॉम्प्युटरवर ते आपोआप चालू असतं. मोठ्या अपडेटनंतर ते पुन्हा चालू झालेलं सापडतं, म्हणून 'अपडेटनंतर बिघडलं' अशी तक्रार येते.

दुसरा गुन्हेगार घरातलाच. दुकानाच्या त्याच कॉम्प्युटरवर इंजिनिअरिंगला असलेला मुलगा किंवा मुलगी सुट्टीत डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकते, नाहीतर लिनक्ससाठी डब्ल्यूएसएल २ टाकते. दोघांनाही 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' लागतो आणि तो हायपर-व्हीचं इंजिन चालू करतो. मोबाइलचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारे काही इम्युलेटरही हेच करतात. त्यामुळे दुरुस्तीला बसण्याआधी घरात विचारून घ्या, 'काय टाकलंय का?' निम्मा वेळ वाचतो.

तिसरा, विंडोज सँडबॉक्ससारखी (अनोळखी प्रोग्राम वेगळ्या खिडकीत चालवून बघायची) सोय कुणीतरी सहज म्हणून टिक केलेली.

कासव घालवायचं, पण याच क्रमानं

सगळ्यात आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची चावी. नव्या लॅपटॉपवर डिस्क नकळत कुलूपबंद असते, आणि बूट किंवा बायोसची सेटिंग बदलली की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. खातं कुणाच्या ईमेलवर आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, हे आधी बघा आणि चावी कागदावर लिहून ठेवा. कॉम्प्युटर विकणाऱ्यानं स्वतःच्याच ईमेलवर खातं काढून दिलेलं असेल, तर आजचं काम थांबवून आधी ते निस्तरा.

मग मेमरी इंटिग्रिटी बंद करा. रीस्टार्ट मागेल, तो शेवटी एकदमच देऊ.

त्यानंतर स्टार्टमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स' असं टाइप करून ती यादी उघडा. हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म, विंडोज सँडबॉक्स या चार नावांसमोरच्या खुणा काढा. होम आवृत्तीत यातली काही नावं दिसणार नाहीत, ते ठीकच.

आता कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ही ओळ टाइप करा: 'बीसीडीएडिट /सेट हायपरव्हायजरलाँचटाइप ऑफ'. हायपरव्हायजर, लाँच आणि टाइप हे तीन शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहायचे. यशाचा निरोप आला पाहिजे. 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' आलं तर खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली नाही.

शेवटी रीस्टार्ट. इथे बरेच जण फसतात. शट डाउन करून पुन्हा बटण दाबणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलतं. बदल लागूच होत नाही. मेन्यूतला रीस्टार्टच निवडायचा.

चालू झाल्यावर तपासणी: विंडोजचं बटण आणि आर, मग 'एमएसइन्फो ३२' (जागा न सोडता). पहिल्याच पानावर खाली 'व्हर्च्युअलायझेशन-बेस्ड सिक्युरिटी' अशी ओळ आहे. तिच्यासमोर 'नॉट इनेबल्ड' हवं. 'अ हायपरव्हायजर हॅज बीन डिटेक्टेड' ही ओळ तिथे असेल तर कासव गेलेलं नाही. विंडोज प्रोवर अशा वेळी ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टिम, डिव्हाइस गार्ड इथे जाऊन 'टर्न ऑन व्हर्च्युअलायझेशन बेस्ड सिक्युरिटी' डिसेबल्ड करा. कंपनीनं किंवा बँकेनं दिलेला लॅपटॉप असेल तर मात्र हात लावू नका. तिथे ही सेटिंग वरून लादलेली असते आणि लादणाऱ्याला कारण असतं.

घरात डॉकरही हवा आणि दुकानात एक्सपीही, तर भांडण्यापेक्षा बूट मेन्यूत दोन दारं करा. वरची ऑफची ओळ द्यायची नाही, फीचर्सच्या खुणाही काढायच्या नाहीत; फक्त मेमरी इंटिग्रिटी बंद हवी. मग 'बीसीडीएडिट /कॉपी', पुढे महिरपी कंसात 'करंट', पुढे '/डी' आणि अवतरणचिन्हांत नाव, समजा 'दुकान'. उत्तरात महिरपी कंसातला लांबलचक नंबर येतो. तो कॉपी करून 'बीसीडीएडिट /सेट', तो नंबर कंसासकट, 'हायपरव्हायजरलाँचटाइप ऑफ'. हे पॉवरशेलमध्ये करू नका, तिथे महिरपी कंसाचा अर्थ वेगळा लागतो आणि चूक दाखवते. आता चालू करताना दोन नावं येतील. सकाळी 'दुकान' निवडायचं, रात्री मुलानं दुसरं. दुसऱ्या दारानं आत आलात तर कासव दिसणारच, त्यात बिघाड काही नाही.

एक मत इथेच मांडतो. मेमरी इंटिग्रिटी बंद करणं फुकट नाही, बाहेरच्या विंडोजची एक भिंत खाली येते. त्याच कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचं काम होत असेल, आणि आत फक्त हिशेबाचं हलकं सॉफ्टवेअर असेल, तर कासव राहू द्या. पट्टी दोन सेकंद उशिरा निघाली तरी चालतं. पेजमेकरमध्ये मोठे फोटो फिरवणाऱ्याला मात्र ते सोसवत नाही. 'मग एक्सपी सरळ हायपर-व्हीमध्येच टाकू' हा सल्लाही मिळतो. तो घेण्याआधी आठवा, की जुन्या मराठी सॉफ्टवेअरला बऱ्याचदा यूएसबीचा डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची चावी) लागतो, आणि हायपर-व्ही तो एक्सपीच्या हातात देत नाही.

सुट्टीनंतरच बंद पडतं? सेल बघा

मशीन चालूच होत नाही, बायोसमध्ये जाऊन सोय चालू केली की आठवडाभर चालतं, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच निरोप. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये काही शोधू नका. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला आहे.

बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरची) सेटिंग आणि घड्याळ हा ३ व्होल्टचा बटणसेल सांभाळतो. कॉम्प्युटर बंद असला तरी प्लगमध्ये वीज असते तोवर बोर्डाला थोडा पुरवठा मिळत राहतो, त्यामुळे मेलेला सेलही लपून जातो. पण रात्री दुकानाचा मेन स्विच पाडून जायची आपली पद्धत. शिवाय महावितरणची दुरुस्तीची सुट्टी असतेच. वीज पूर्ण गेली की काही बोर्डांवर बायोस मूळ पदावर येतो, आणि जुन्या बोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये व्हीटी-एक्स बंदच असतं. खूण सोपी आहे: त्याच सकाळी बाहेरच्या विंडोजची तारीखही मागे गेलेली असते. इंटरनेट आलं की ती सुधारते, म्हणून लक्षात येत नाही. आतलं एक्सपी घड्याळ बाहेरच्याकडूनच घेतं, तेव्हा अडत दुकानात चुकीच्या तारखेची पट्टी निघाली तरी हाच सेल आठवा.

बदलताना कॉम्प्युटरची वायर काढा, चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, जुना सेल खाचेतून उचला, अधिकचं चिन्ह वर ठेवून नवा बसवा. मल्टिमीटर असेल तर मोजून बघा. नवा ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.८ च्या खाली असलेला टाकून द्या. मग बायोसमध्ये शिरा. बहुतेक असेंबल्ड कॉम्प्युटरवर डिलीट, डेलवर एफ २, एचपीवर एफ १०. इंटेलवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', एएमडीवर 'एसव्हीएम मोड' चालू करा. शेजारी 'व्हीटी-डी' दिसतं, त्याची इथे गरज नाही. सेव्ह करूनच बाहेर या. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू इथे 'व्हर्च्युअलायझेशन: इनेबल्ड' दिसलं की झालं.

'व्ही' दिसतो, तरी रखडतं

इथे बहुतेक वेळा डिस्क दोषी असते. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) म्हणजे बॅकअप असं समजून दर आठवड्याला एक घेतला जातो. खरं तर स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि पुढचं सगळं लिखाण वेगळ्या फायलीत जातं. दहा स्नॅपशॉट म्हणजे दहा फायलींची माळ, आणि एक फाइल वाचायला त्या माळेतून शोध. जुने स्नॅपशॉट व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीतूनच डिलीट करा. फोल्डरमध्ये जाऊन हातानं फायली उडवल्या तर माळ तुटते आणि मशीन उघडत नाही. डिलीट करताना माळेतल्या फायली एकमेकींत मिसळाव्या लागतात. त्याला डिस्कवर मोकळी जागा लागते, वेळ लागतो, आणि मध्ये वीज जाऊन चालत नाही. यूपीएस असेल तरच सुरू करा. एकच जुना स्नॅपशॉट ठेवायचा असेल तर ठेवा, त्याहून जास्त नको.

काम करता करता मशीन अचानक 'पॉज्ड' होतं आणि डिस्क भरल्याचा निरोप येतो, तेव्हा घाबरून पॉवर ऑफ करू नका. बाहेरच्या डिस्कवर जागा करा आणि 'पॉज'ची खूण काढा. जिथे थांबलं तिथून पुढे चालतं.

रॅमच्या बाबतीत उलटी चूक होते. ३२ बिटच्या एक्सपीला १ जीबी, म्हणजे १०२४ एमबी, पुरेशी आहे. बाहेर ८ जीबी असताना आत ४ दिली तर एक्सपी ती पूर्ण वापरूही शकत नाही, आणि बाहेरचं विंडोज मात्र गुदमरतं. प्रोसेसर एकच द्या. आणि 'वेगासाठी' म्हणून कुणी डिस्कचा कंट्रोलर आयडीईवरून साटावर नेला तर एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो, शेवटी '७बी'वाला निळा पडदा येतो. परत आयडीई करा, डेटा जागेवर असतो. आय-ओ एपिक ही खूणही एक्सपी टाकताना होती तशीच राहू द्या. नंतर काढली तर ते बूट होत नाही.

बाहेरच्या अँटिव्हायरसला मशीनचं फोल्डर तपासणीतून वगळायला सांगा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' ठेवा, कारण खिडकी मागे गेली की नवीन प्रोसेसर तिला मंद कोअरवर ढकलतात. गेस्ट अ‍ॅडिशन्स (आतल्या एक्सपीत टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर) टाकलेलं नसेल तर माउस आणि पडदा अडखळतो, ते आधी टाका.

डोंगल 'गायब' होत असेल तर एक्सपीसाठी यूएसबी कंट्रोलर ३.० ठेवू नका, त्याचा ड्रायव्हर एक्सपीत नाही, २.० किंवा १.१ ठेवा. यूएसबी फिल्टरमध्ये फक्त व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी राहू द्या, बाकीचे रकाने पुसा. पोर्टचा रकाना भरलेला असला की डोंगल दुसऱ्या भोकात घातल्याबरोबर ओळख पटत नाही. झाडलोट करताना डोंगलची जागा बदलते, आणि सॉफ्टवेअर 'डेमो' म्हणून उघडलं की दुकानात आरडाओरडा.

वीज गेली आणि मशीन 'इनअ‍ॅक्सेसिबल' झालं

मशीनच्या फोल्डरमध्ये एक छोटी सेटिंगची फाइल असते, शेवटी '.व्हीबॉक्स' असलेली. लिहिता लिहिता वीज गेली की ती रिकामी किंवा अर्धवट राहते. शेजारीच तिची आधीची प्रत असते, शेवटी '.व्हीबॉक्स-प्रिव्ह'. व्हर्च्युअलबॉक्स पूर्ण बंद करा, बिघडलेल्या फायलीचं नाव बदलून बाजूला ठेवा, आणि प्रिव्हची एक कॉपी करून तिला मूळ नाव द्या. बहुतेक वेळा मशीन जसंच्या तसं परत येतं. विंडोजमध्ये फायलींची शेपटी लपवलेली असते, ती आधी दाखवायला लावा, नाहीतर नाव भलतंच पडतं.

रोज संध्याकाळी 'सेव्ह द मशीन स्टेट' करून जायची सवय सोडा. व्हर्च्युअलबॉक्स नव्या आवृत्तीवर गेलं की जुनी जपलेली अवस्था उघडेलच असं नाही. मग ती टाकून द्यावी लागते, आणि ते चालू कॉम्प्युटरची वायर खेचल्यासारखंच. आतलं एक्सपी आतूनच शट डाउन करा.

बॅकअपसाठी आतलं मशीन बंद करून पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट हवी. फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि व्हीडीआय (आतल्या मशीनच्या डिस्कची फाइल) तर सहज त्याहून मोठी. प्रत त्याच कॉम्प्युटरवर दुसरं मशीन म्हणून लावायची असेल तर नुसती कॉपी-पेस्ट चालत नाही, दोन डिस्कांचा ओळखक्रमांक एकच निघाला की व्हर्च्युअलबॉक्स नकार देतं. तिथे 'क्लोन' वापरा. २०१९ चा पूर पाहिलेल्याला ती डिस्क तळमजल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका हे वेगळं सांगायला नको.

आणि एक्सपीला इंटरनेट देऊ नका. त्याची नियमित सुरक्षा अपडेटं ८ एप्रिल २०१४ ला थांबली. सेटिंगमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरची खूण काढून टाका. फायली आत-बाहेर न्यायला शेअर्ड फोल्डर पुरतं, फक्त त्यात पूर्ण डी ड्राइव्ह न देता एकच रिकामं फोल्डर द्या.